कारापुरातली चिनी

"पाणी हवं तर नीट माग," शांताराम म्हणाला.

गौरेशने ओठ चाटले. मराठीत मागितलं तर मिळणार नव्हतं, कोकणीत मागितलं तर आजोबा ओरडणार होते. त्याने डोळे मिटून शब्द आठवला.

"लुमा."

"नुसतं लुमा? पाहुण्याकडे मागतोस की म्हशीकडे?"

"लुमा तोशी."

"हं. पी आता."

मे महिना होता. कारापुरातलं ते घर सकाळपासूनच तापायचं, पण जनेलं उघडायची सोय नव्हती. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात, आणि एखादं जनेल चुकून उघडं राहिलं की भातावर तांबडी धूळ बसे. तेव्हा दार बंद, जनेलं बंद, आणि आत दोन पोरं. जेवणापर्यंत फक्त चिनी. वाचायचं ते चिनी, लपाछपीत आकडे मोजायचे ते चिनी. भांडणसुद्धा चिनीतच करायचं, असा गोकुळदासाचा हुकूम होता.

गोकुळदास पोरांचा आजोबा. त्या वर्षी डिचोलीची लोखंडाची माती जहाजं भरभरून चीनला चालली होती. तिथे ऑलिंपिकची स्टेडियमं उभी राहत होती, आणि इकडे ज्याच्या दारात बैलगाडी नव्हती तोही ट्रक घेत सुटला होता. गोकुळदासाने त्याहून मोठी उडी घ्यायची ठरवली. कृष्णनाथ नावाचा एक दलाल त्याला शांघायच्या साहेबाचा भागीदार करून देणार होता. त्या बदल्यात गोकुळदासाने आपला काजूचा डोंगर साहेबाच्या कंपनीला लिहून द्यायचा.

"डोंगर गेला तर खायचं काय?" त्याची बायको सुमंगला विचारी. "ही धूळ?"

"तू गप गो. साहेब माणसं बघून धंदा करतो. घरात चिनी बोलणारी पोरं दिसली की लोण्यासारखा विरघळेल."

शिकवणारा शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारचा शांताराम जहाजावर आचारी होता आणि शांघायात राहून आला होता, हे साखळीच्या चहाच्या दुकानात कुणीही सांगितलं असतं. तिथल्या धुक्यात बोकड बांधला तर दोरी हाताला लागते, बोकड लागत नाही, हेही सगळ्यांना पाठ होतं.

गोकुळदास त्याला आणायला गेला तेव्हा मात्र शांताराम कुरकुरला. "खूप वर्षं झाली, बाब. जीभ गंजली."

"मग घास. साऱ्या गावाला शांघाय सांगत फिरतोस, माझ्याच नातवंडांना सांगायला काय झालं?"

शांताराम आला, आणि पोरांबरोबर तोही कोंडला गेला.

कृष्णनाथाने चिनी चित्रांचं एक पुस्तक आणून दिलं होतं. शांताराम त्यातून कोल्ह्याची आणि खेकड्याची गोष्ट वाचायचा. थोरली सिद्धी चौकस. एकदा जेवण झाल्यावर तिने पान पुढे केलं.

"आजो, काल या पानावर खेकडा मेला होता. आज तो लग्नाला कसा गेला?"

"चिनी पान आहे ते, बाये. सकाळी वरून खाली वाचायचं, दुपारी खालून वर."

सिद्धीने पान उलटसुलट करून पाहिलं. मग जनेलाच्या फटीला डोळा लावला. "परसात आंबे पडले असतील. पोरं वाळवंटी नदीत डुंबत असतील. आम्हीच तेवढी लोणच्यासारखी बरणीत."

"आंब्याला चिनीत काय म्हणतात, ते शिक आधी."

"काय म्हणतात?"

तो छताकडे बघत राहिला. "रुगो," शेवटी म्हणाला.

साहेब खूश झाला की दुसऱ्या दिवसापासून नदी मोकळी, असं आजोबांनी कबूल केलं होतं. त्या आशेवर पोरांनी जीव टाकून पाठ केलं. महिनाअखेरीला दोघं त्या भाषेत एकमेकांना चिडवू लागली.

साहेब आला. टाय लावलेला, मवाळ, दारातच बूट काढणारा. बरोबर कृष्णनाथ, काखेत कागदांची पिशवी घेऊन. शांताराम मागल्या दाराकडे सरकत होता.

"पोट बिघडलंय, बाब. घरी जाऊन पडतो."

"पोट मागाहून." गोकुळदासाने दाराला कडी घातली. "बस इथेच. आज तुझीच परीक्षा."

शांतारामाच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. गौरेश पाण्याचा पेला घेऊन पुढे झाला. "लुमा तोशी?"

"लुमा तोशी!" साहेब हसला आणि पेला रिकामा केला.

मग सिद्धीने उभं राहून खेकड्याची गोष्ट सांगितली, लग्नापर्यंत, एकदाही न अडखळता. साहेब मान डोलवत होता. ती हसली तिथे तोही हसला. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या आणि कृष्णनाथाच्या कानाशी लागला.

"साहेब म्हणतात, शब्दन् शब्द कळला," कृष्णनाथ म्हणाला. "त्यांच्या शांघायातली पोरंही अशीच बोलतात. अशा घराशी भागीदारी नाही करायची तर कुणाशी?"

"देवा, पावलास रे!" गोकुळदासाने हात जोडले. सुमंगलाने निमूट चहा आणला. गौरेश जनेलाची कडी काढायला धावला.

एकटा शांताराम हलला नाही. चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. तो साहेबाकडे टक लावून बघत होता.

कृष्णनाथाने मेजावर कागद पसरले. गोकुळदासाने पेन उघडलं आणि वळून शांतारामाच्या खांद्यावर थोपटलं.

"शांताराम, लोक तुला थापाड्या म्हणायचे. मीसुद्धा म्हटलं असेल. आजपासून या गावात तू मास्तर. बघू कोण हसतो ते."

सिद्धी येऊन त्याला बिलगली. "आमचे मास्तरआजो!"

शांतारामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात मग कागदावर ठेवला, सही करायच्या जागेवर.

"पेन मिट, गोकुळदास. ही चिनी मी रचलेली आहे. जगात ती येणारी माणसं तीनच, मी आणि ही दोन पोरं."