कच्चा पाय

तिसऱ्यांदा गाडी इंजिन तपासायच्या डायनोच्या रोलरवर जागच्या जागी धावली आणि तिसऱ्यांदा पडद्यावरची ताकदीची रेघ तिथेच येऊन आडवी पडली. निशांतने पॅडलवरून पाय काढला. गॅरेजमध्ये नुसता पंख्याचा आवाज उरला.

"बहात्तर हॉर्सपॉवर," श्रीराम म्हणाला. "कंपनीतून निघाली तेव्हा पण याच्यापेक्षा जास्त होती, भिया."

नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर, मोठे इंजेक्टर. राऊच्या या गॅरेजमध्ये श्रीरामने महिनाभर त्या इंजिनात जीव ओतला होता. आकडा शंभरच्या खाली येणं शक्यच नव्हतं, आणि आला होता. निशांतला मात्र फारसं आश्चर्य वाटलं नाही. ही गाडी त्याला कधी मानतच नव्हती.

गाडी त्याच्या मोठ्या भावाची, देवेंद्रची. हे गॅरेज देवेंद्र आणि श्रीराम मिळून चालवायचे. देवेंद्रच्या हाती गाडी उडायची, असं अजूनही सगळे सांगतात. मग डेंग्यूने तो आठवड्याभरात गेला आणि गाडी निशांतकडे आली, ती अशी मरगळलेली. चार वर्षं तो तिची मनधरणी करत होता. आज आकडा आला नाही, तर संध्याकाळी देवासचा एक माणूस येऊन ती घेऊन जाणार होता.

विकायचा आग्रह आईचा. "त्याचा जीव अडकलाय रे तीत," ती म्हणायची. "पाय दुखतात त्याचे, म्हणून पळत नाही ती."

तिला कोणी समजवायचं? दवाखान्यात शेवटच्या रात्री देवेंद्र तापाच्या ग्लानीत एकच पुटपुटत होता, "निशू... पायाखाली... पायाखाली..." आईने धावत जाऊन उशी आणली आणि त्याच्या पायांखाली ठेवली. त्याने ती लाथेने ढकलली. तिने पुन्हा ठेवली, त्याने पुन्हा ढकलली, आणि पहाटे तो गेला. त्या उशीचा तिने जिवाला घोर लावून घेतला. रोज दिवेलागणीला ती त्याच्या रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी उशी ठेवते. तुकोगंजच्या डॉक्टरांकडे स्वतःचं बीपी दाखवायला गेली तरी विचारते, "डेंग्यूत शेवटी पाय फार दुखतात का हो?"

निशांत यावर कधी हसला नाही. कारण गाडी जोरात काढायला गेलं की त्यालाही वाटायचं, आपला पाय खालून कोणीतरी धरलाय. हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतच नव्हती.

श्रीराम मात्र हट्टाला पेटला होता. त्याने प्लग बघितले, पेट्रोलचा पंप बघितला, हवा गळते का ते साबणाचं पाणी लावून बघितलं. इंजिनात हवा सोडणारी झडप लॅपटॉपवर सत्तर टक्केच उघडलेली दिसत होती. सेन्सर खोटं बोलतोय असं धरून त्याने सकाळीच तो बदलला होता. नवाही तेच सांगत होता. शेवटी त्याने बॉनेट उघडलं आणि पॅडलची केबल हाताने ओढली. शंभर टक्के.

"आता तुम्ही दाबा."

निशांतने सगळा भार टाकून पॅडल दाबलं. सत्तर.

श्रीराम डोकं खाजवत म्हणाला, "इंजिन एकदम ओके आहे, भिया. गडबड तुमच्या पायातच होऊन राहिली आहे."

हातोदच्या रस्त्यावर गाडी शिकवताना दादाही असंच म्हणाला होता. "तुझा पाय अजून कच्चा आहे, निशू. पक्का झाला की मी सांगेन, मग उडव हवी तेवढी." त्यानंतर पंधरा दिवसांत दादाच अंथरुणाला खिळला. पाय पक्का झाला की नाही, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

श्रीराम टॉर्च घेऊन पॅडलपाशी उलटा आडवा झाला. खालचं मॅटिंग त्याने ओढून काढलं. मग तो बोटाने काहीतरी चाचपत राहिला.

"काय झालं रे?"

"बोल्ट आहे इकडे," त्याचा आवाज बदलला होता. "पॅडलच्या खाली, पत्र्यात पक्का कसलेला. पॅडल याच्यावर येऊन थांबून राहिलंय. आणि वरती निळ्या स्लिपरच्या रबराचं वॉशर आहे, टकटक नको म्हणून." त्याने रबरावरून बोट फिरवलं. "असलं वॉशर तर आपले देवा भियाच कापायचे."

निशांत वाकला. बटणाएवढा निळा तुकडा, बरोबर पायाखाली. शिकाऊ भावाने उत्साहाच्या भरात पॅडल पुरतं दाबू नये, एवढ्यासाठी. त्याच दिवसांत आईची एक निळी स्लिपर हरवली होती, आणि तिने कामवाल्या बाईपासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांवर आळ घेतला होता. निशांतला हसू आलं. हसताहसता त्याचे डोळे घळघळ वाहायला लागले.

"काढू?" श्रीरामने बोल्टला पाना लावला.

बाहेर दिवे लागत होते. निशांतने घरी फोन लावला.

"बोल रे," आई म्हणाली. "थांब हं, उशी तेवढी ठेवून येते त्याची."

"उशी राहू दे आई," निशांत म्हणाला. "दादाचे पाय दुखत नव्हते गं."