पाठीवरची थाप

खोखोतला हुकमी गडी इंद्रजित ऐन भरात टेनिसकडे वळला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या अंगातला जुना खेळ पुसून नवा भरला. सहा आठवड्यांनी तो घरी आला आणि उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला.

"पुसायला माझं लेकरू काय पाटी आहे?" "आता जुनं सगळं पुसलं गेलं," म्हणणाऱ्या शेजारणीवर त्याची आई गोजराबाई फणकारल्या. "बघच आता!"

लहानपणापासून त्याला उठवायच्या तशी त्यांनी पाठीवर थाप मारली. "खो!"

त्या थापेनं तो गाढ झोपेतूनही सुटायचा तो थेट अंगणात, आणि फेरी मारून हसत आईला शिवायचा.

इंद्रजित जागचा हलला नाही. मान वळवून त्यानं विचारलं, "काय झालं गं, आई?"

"काही नाही रे, डास होता," गोजराबाई म्हणाल्या आणि थाप मारलेला हात त्यांनी पदराखाली झाकून घेतला.