बाजेवरचा तातेराव

"तातेराव नाही, तर त्याचा फेटा तरी असेल घरात. किल्ली तुझ्यापाशीच आहे ना?" हैदराबादहून आलेल्या साहेबानं विचारलं.

चाँद पाशा पिंजारी किल्ली घेऊन उठला. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. विलायतेचा एक पेपरवाला आज गोरेगावात येणार होता. निजामाच्या राज्यात हिंदू-मुसलमान कसे गुण्यागोविंदानं राहतात, ते त्याला दाखवायचं, म्हणजे तो ते जगाला सांगणार. पण शेजारचा तातेराव रझाकारांच्या भाल्या-लाठ्यांच्या भीतीनं लेकराबाळांसकट पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निघून गेला होता. जाताना किल्ली पाशाच्या हातात ठेवून गेला होता.

फेटा पाशाच्या मेहुण्याच्या, नासेरच्या डोक्यावर चढला. दोघं पाशाच्या दारातल्या बाजेवर बसले.

"काहीही विचारलं तरी म्हणायचं, सगळं बराबर आहे," साहेबानं पढवलं.

मोटार आली. चहा आला. नासेरनं बशीतला चहा फुर्रकन ओढला. पाशानं आपली बशी खाली ठेवली. तातेराव जन्मात कधी या घरचं पाणी प्यायला नव्हता. अख्खी सुपारी तेवढी घ्यायचा, आपल्या अडकित्त्यानं फोडायचा आणि अर्धी पाशाला द्यायचा. एवढ्यावर दोघांची उमर गेली होती. सगळी सोंगं आणता येतात म्हणतात, शेजाऱ्याचं काही येईना.

पेपरवाला काहीतरी बोलला. साहेबानं पाशाला सांगितलं, "शेजारी सुखात आहे का, असं विचारतायत."

हा माणूस जगाला सांगतो, तर वऱ्हाडातही सांगत असेल, असं पाशाच्या मनात आलं. पढवलेलं तोंडात राहिलं.

"त्याला म्हनावं, परत ये," तो म्हणाला. "त्याच्या घराची राखन करून राहिलो, पन आता थकलो मी."

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. त्यानं दोनच शब्दांत त्याचं इंग्रजी केलं. पेपरवाल्यानं मान डोलावली, फोटो काढला आणि मोटार धुरळा उडवत गेली.

नासेरनं फेटा उतरवला. पाशानं तो घडी करून मांडीवर घेतला. तो परत नेऊन ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दारातून फातिमाबीनं, त्याच्या बायकोनं विचारलं, "फोटू कसा निघंल म्हन्ते मी?"

"बराबर निघंल," पाशा म्हणाला. "त्यात तातेराव घरीच हाय."