वाजवणाऱ्याची बायको

जुन्या जमान्यातलं नाचाचं जॅझ पुन्हा वाजवायला एका तरुण क्लॅरिनेटवादक मुलीने नवा बँड उभा केला होता. त्या काळच्या वादकांपैकी क्लॅरिनेटवाले आजोबा तेवढे उरले होते. बऱ्याच विनवण्यांनंतर ते आज आजींना घेऊन आले. हॉल भरला, जोड्या उभ्या राहिल्या. आजोबा स्टेजकडे निघाले आणि आजी सवयीने भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. “तुम्ही नाही नाचत?” तिने विचारलं. “कुणाबरोबर? हे कायम स्टेजवर. ह्यांच्या वाजवण्यावर अख्खं गाव नाचलं, मी आपली बायकांच्या पर्सा सांभाळत बसले.” तिने आजोबांच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतलं. “आज मी वाजवते.” “अगं, पण मला नाचता कुठे येतं?” आजोबा गडबडले. “मला येतं,” म्हणत आजी उठल्या. “जन्मभर बघतेय. चला, शिकवते.” वाजवताना ती दोनदा चुकली. आजोबांच्या लक्षातही आलं नाही. ते आजींच्या पावलांकडे बघत होते.