वस्तऱ्याखाली

"मान सैल सोडा, काका," समोरचा दुसऱ्यांदा म्हणाला.

"सोडलीय की."

"ही? ही तर खुंट्यासारखी ताठ आहे."

म्हाताऱ्याने आरशात पाहिलं. गळ्याभोवती पांढरं फडकं, गालांवर फेस, फडक्याखाली दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरलेल्या. असं गिऱ्हाईक त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण पाठीमागे उभं राहून. रस्त्यापलीकडे त्याचं स्वतःचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासून त्याचं शटर ओढलेलं होतं. हे नवं दुकान निघालं त्या दिवशी "हा काय दाढ्या करणार, हा भादरणार" असं त्याने गल्लीभर सांगितलं होतं. त्याच्या लेखी या माणसाला नाव नव्हतं, तो नुसता समोरचा. आज सकाळी स्वतःची दाढी करताना हनुवटी दोन जागी कापली, तेव्हा मुकाट्याने रस्ता ओलांडून आला.

"कुठे निघालात का?"

"हॉस्पिटलात. तुझ्या काकूचं उद्या ऑपरेशन आहे. दाढी वाढवून गेलो तर म्हणेल, हात आणखी बिघडला. कापून घेऊन गेलो तरी तेच म्हणेल."

समोरचा हसला नाही. वस्तऱ्यात पातं घातलं.

म्हाताऱ्याचा एक जुना हिशेब होता. माणसाचा विश्वास तोंडात नसतो, मानेत असतो. वस्तरा गळ्यापाशी आला की खरी शिल्लक किती ते लगेच कळतं. देवाधर्मावर तासभर बोलणारे गृहस्थ आरशातून वस्तऱ्यावर पाळत ठेवायचे, आणि कोपऱ्यावरचा दारुडा फेस लागताच घोरायचा. म्हातारा हे कुणाला बोलला नव्हता, पण देवाच्या दारात त्याला राखणीला उभं केलं असतं तर त्याने दारुड्यालाच आधी आत सोडलं असतं.

स्वतःची मान मात्र कधी हिशेबात धरली नव्हती. धरणार कशी? मिसरूड फुटल्यापासून आपली दाढी आपणच करत आला. दुकान उघडताना रोज वर बघून म्हणायचा, "आजचं तू बघ." आणि मग दिवसभर स्वतःच बघत बसायचा. दुकान बसलं, बायकोने अंथरूण धरलं, तरी म्हणण्यात खंड पडला नाही. आता शटर उघडायचं नव्हतं, तर स्वयंपाकघरात उभा राहून म्हणायचा. रिकाम्या घरात तेवढाच काय तो आवाज. पण रात्री डोळ्याला डोळा नाही. कारभार देवाकडे दिला होता, किल्ल्या उशाशी ठेवल्या होत्या.

काल तिने विचारलं होतं, "अहो, भूल दिली की डोळे आपोआप मिटतात ना? माझ्याने मिटवत नाहीत हो."

"देवावर सोड," तो म्हणाला.

"तुम्ही सोडलंत?"

त्यावर त्याला पाण्याची बाटली भरून आणायची आठवण झाली होती. बाटली अर्धी भरलेली होती, हे तिनेही पाहिलं होतं. आज ती पुन्हा विचारणार. विचारलेलं विसरायची तिला सवय नव्हती.

वस्तरा गालावरून उतरला.

"उलटा मारू नको."

"नाही मारत."

"कानाखाली जप. आणि पातं तिरकं धरतोयस तू. जास्त तिरकं."

समोरच्याने वस्तरा खाली घेतला. "काका, दाढी मी करतोय की तुम्ही?"

हे वाक्य म्हाताऱ्याचंच होतं. आरशातून पहारा करणाऱ्या गिऱ्हाइकांना तो हेच ऐकवायचा, फक्त इतक्या हळू आवाजात नाही.

नळाचं पाणी थेंब थेंब बेसिनमध्ये पडत होतं. आरशात पलीकडचं ओढलेलं शटर दिसत होतं. उजव्या हाताची दांडीवरची पकड सुटली होती आणि तो थरथरत होता, त्यामुळे पोटावरचं फडकं हलत होतं. समोरच्याने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"आता गळा," तो म्हणाला. "डोकं मागे टाका."

खुर्ची नवी होती, पण डोकं टेकायची उशी तुटलेली. म्हाताऱ्याने आल्याआल्याच ते हेरलं होतं.

"मागे काय आहे टाकायला?"

"माझा हात आहे. टाका."

तुम्ही सोडलंत?

म्हाताऱ्याने डोळे मिटले. आधी डाव्या हाताची पकड सुटली. मग खांदे खाली आले. मान सगळ्यात शेवटी. डोकं जड असतं हे त्याला ठाऊक होतं, गल्लीभराची डोकी त्याने अशीच पेलली होती. आपलंही तेवढंच जड असेल, हे कधी लक्षात आलं नव्हतं. मानेखालचा तळहात थोडा खाली गेला आणि तिथे थांबला.

वस्तरा गळ्यावरून वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. पातं तिरकं होतं की सरळ, कोण जाणे. मग गार पाणी. मग तुरटी, हनुवटीला झोंबली.

"झाली, काका. बघा आरशात."

म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

"धर," तो म्हणाला. "जरा वेळ अजून धर."

दारात एक गिऱ्हाईक आलं होतं. समोरच्याने वस्तऱ्याच्या हातानेच त्याला थांबायची खूण केली, आणि दुसरा हात जिथे होता तिथेच ठेवला.