खेकड्याचा रस्सा, शून्य तारे

चिमाबाईने डोक्यावरचा पाटा शाळेच्या ओट्यावर धाडकन ठेवला, तसा तिसरीचा वर्ग चिडीचूप झाला. ठाकरवाडीपासून शाळा म्हणजे चांगली पाऊण तासाची चढण. एवढं दगडाचं धूड घेऊन म्हातारी आली होती, ती काही चहा प्यायला नव्हे.

"कुटं हाय तो तुमचा टॅब?"

वर्गाच्या कोमलबाईंनी तो पुढे केला. नवाच होता. दर शुक्रवारी पोरांनी घरचा डबा आणायचा, बाईंनी त्यावर टॅब धरायचा, की तो पदार्थ ओळखून पौष्टिकतेचे तारे द्यायचा. अंड्याला चार, उसळीला पाच. गेल्या शुक्रवारी चिमाबाईच्या नातीच्या, रूपाच्या डब्यातल्या खेकड्याच्या रश्शावर धरला, तर म्हणाला, "तांबडे पाणी. शून्य तारे."

झालं! पोरं तिला पाणीवाली म्हणायला लागली. आठ दिवस पोरीने रश्शाला बोट लावलं नव्हतं. कोरडी भाकरी चावायची आणि मान खाली घालायची. चिमाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता. आणि त्याहून जास्त, तिला राग आला होता.

"माझ्या हातचं पानी म्हनं! आता बघ म्हनावं डोळं उघडून."

तिने फडक्यातून खेकडे काढले. नांग्या मोडून ते पाट्यावर घेतले आणि वरवंट्याने ठेचायला लागली. पोरांनी ओट्याला गराडा घातला. टरफलासकट पार लगदा झाला, मग पाणी घालून तिने तो फडक्यातून गाळला. रूपा मात्र वर्गातच खिडकीशी उभी होती.

"टरफाल पोरीच्या हिरडीला लागू न्हाई म्हून गाळती मी," चिमाबाई म्हणाली. "समदा कस ह्या पान्यात उतरतो. बाळंतिणीला ह्येच, तापातनं उठलेल्याला ह्येच. आन् ह्याला काय दिसलं?"

कोमलबाईंचा चेहरा उतरला. "मावशी, चूक माझी. टॅब बोलला आणि मी पुढच्या डब्याकडे वळले. मी तरी रूपाला विचारायला हवं होतं."

"मंग आता इचारा."

शाळेच्या खिचडीच्या चुलीवर चिमाबाईने तिखटमीठ घालून रश्शाला उकळी आणली. बाईंनी वाटीवर टॅब धरला.

"तांबडे पाणी. शून्य तारे."

पोरं फिसकन हसली. चिमाबाई जागची हलली नाही.

"लय आडमुठं हाय," ती म्हणाली. "ह्याला शिकवायचं कसं, तेवढं सांगा. त्याबिगर मी पाटा उचलत न्हाई."

बाई तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या. टॅबमध्ये 'नवा पदार्थ' अशी एक जागा होती. इतके दिवस त्यांनी ती उघडलीच नव्हती. खेकडे किती, ठेचायचे कसे, पाणी केवढं, सगळं विचारून त्यांनी भरलं. पाट्याचा फोटो काढला, चोथ्याचाही काढला. मधेच एका पोराने "तिखट राह्यलं की बाई" म्हणून आठवण केली. शेवटी एकच रकाना उरला. शिकवणाऱ्याचे नाव.

"रूपा, इकडे ये," बाईंनी खिडकीकडे पाहून हाक मारली. "हे तू लिही."

रूपा पाय ओढत आली. तिने रकाना वाचला, पोरांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

"आज्जीचं?"

"मग शिकवलं कुणी?"

रूपाने टॅब मांडीवर घेतला. तेवढ्यात चिमाबाईने वाटी तिच्यापुढे सरकवली.

"आदी पी. गार झाल्यावं उगरट लागतंय. नाव काय पळून चाललंय व्हय?"

रूपाने एका हाताने वाटी तोंडाला लावली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने 'चि' शोधायला लागली.