चौथा पाय

टेबल पुन्हा डुगडुगले आणि अध्यक्षांचा चहा ठरावाच्या मसुद्यावर सांडला. समोरच्या दुकानातल्या मिस्त्रीला बोलावणे गेले. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, कुणाकडेही न पाहता त्या लांबलचक टेबलाखाली शिरला आणि चौथ्या पायाशी आडवा झाला.

रुग्णालयाच्या समितीची ही सातवी बैठक. विषय तोच: ज्यांचा विमा नाही त्यांना परवडतील असे उपचार द्यायचे कसे. आणि मिस्त्रीही सातव्यांदाच टेबलाखाली. त्याने बसवलेल्या दारांना चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा रंधा लागला नव्हता. त्याच हाताला हा एवढासा पाय साधेना. शेजारचा कुलूपवाला तर आता तोंडावर म्हणू लागला होता, की म्हातारा लाकडाला नव्हे, लाकूड म्हाताऱ्याला तासते आहे.

वर शब्द फिरत होते, खाली नुसते बूट. खजिनदारांनी एक पाय बुटातून सोडवून घेतला होता. श्रीमंत रोग्यांच्या बिलात चार पैसे वाढवले तर ते दुसरीकडे जातील, असे त्यांचे म्हणणे. गावाने दरमहा थोडी वर्गणी काढावी, असे कुणी सुचवले. धडधाकट माणूस ती का देईल, असे दुसऱ्याने विचारले. मग कमावत्याला गरीब म्हणायचे की नाही, यावर अर्धा तास गेला. मिस्त्री हातोडी नुसती टेकवत होता. ठोकत नव्हता.

त्याच्या बायकोच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. पहिल्या बैठकीच्या सुमारास ती जिन्यात मध्येच थांबत असे. आता उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपत असे. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून तीच हसली होती, "एवढ्यात नवी बायको येईल की हो." विमा कधी उतरवलाच नव्हता. खिडकीवरच्या कारकुनाने सांगितले होते, समितीचे ठरले की सवलतीच्या जागा निघतील. मोजक्याच, आणि जो आधी येईल त्याच्या.

"रोगी थांबत नाहीत हो," डॉक्टरीणबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "विषय थांबतात."

खजिनदारांचा पाय बुटात शिरला, खुर्च्या मागे सरकल्या. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मिस्त्री बाहेर आला. अध्यक्षांनी दोन्ही हात टेबलावर रोवून पाहिले. टेबल जमिनीतून उगवल्यासारखे स्थिर होते.

"काय मिस्त्री, आता तरी टिकेल ना? की पुढच्या खेपेलाही तुम्ही आहातच?"

"लाकूड जुनं आहे साहेब. भरवसा देता येत नाही."

सगळे हसले आणि निघून गेले. पावले जिन्यावरून उतरेपर्यंत तो थांबला. मग पुन्हा वाकला, पहिल्या बैठकीच्या दिवशी तासलेली, केसभरही न हलणारी ती पाचर चौथ्या पायाखालून अलगद काढली आणि आधी सहा वेळा ठेवली होती तशीच खिशात ठेवली.